पार्क बंद झाल्यावर नेमेसिसवर एक तास : किती फेऱ्या होतात, धोका किती आणि पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जे नंतर येऊन वाचतील त्यांच्यासाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही बर्मिंगहॅमला असता, कंपनीचा फॅमिली डे ऑक्टोबरच्या शेवटी आल्टन टॉवर्स या इंग्लंडातल्या थीम पार्कला आहे, आणि पार्क बाकीच्यांसाठी बंद झाल्यावर एक तास तिथला नेमेसिस हा रोलर कोस्टर फक्त तुमच्या चाळीस जणांसाठी चालू ठेवणार आहेत, त्याचे माणशी वेगळे पैसे. सोबत मिसेस, १३ वर्षांची मुलगी जिची उंची १४२ सेंटिमीटर आहे, आणि पुण्याहून आलेले तुमचे ५२ वर्षांचे थोरले बंधू, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. तुम्ही विचारलंय की दिवसभर चालून दमलेलं मशीन रात्री सेफ असतं का, तासाभरात किती फेऱ्या होतील आणि पैसे वसूल होतील का. शिवाय आईंनी २०१५ चा त्याच पार्कातला अपघात नेटवर वाचलाय आणि त्या नको म्हणतायत.

मी गेली सतरा वर्षं राईड मेंटेनन्समध्ये आहे, सुरुवात भारतात झाली, आता आखातात आहे. नेमेसिसवर मी काम केलेलं नाही, बसलोय मात्र चार वेळा. पण ज्या स्विस कंपनीने ती बनवली, बोलिगर अँड मॅबियार, तिच्या गाड्यांची चाकं आणि बेअरिंगं मी हाताने बदललेली आहेत, तेव्हा मशीनबद्दल जे सांगेन ते खात्रीने सांगेन. तब्येतीबद्दल जे सांगेन ते फक्त स्टेशनवर उभं राहून जे बघितलं त्यावरून, तिथे शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आधी एक सांगतो. तुम्ही काळजी मशीनची करताय आणि हिशोब फेऱ्यांचा करताय, पण अशा तासात मशीन आधी थकत नाही आणि फेऱ्याही कमी पडत नाहीत, कमी पडतं ते माणसाचं शरीर. दिवसा रांगच तुम्हाला आपोआप विश्रांती देत असते. पाऊण तास उभं राहायचं, दीड मिनिट बसायचं, परत पाऊण तास. रात्री ती रांगच नसते, आणि तिच्या जागी काय ठेवायचं हे तुमच्या घरातल्या चौघांनी आधीच ठरवायला हवं.

फेऱ्यांचा हिशोब साधा आहे. नेमेसिसच्या एका गाडीत चारच्या आठ ओळी, म्हणजे ३२ सीट. फेरी १ मिनिट २० सेकंदांची. उतरवणं, बसवणं, हार्नेस (खांद्यांवरून खाली येऊन माणसाला सीटला धरून ठेवणारी चौकट) तपासणं, गाडी ब्रेकवरून स्टेशनात येणं हे सगळं धरून एकाच गाडीला फेरीमागे चार मिनिटं धरा. तासाला १५ फेऱ्या, ४८० सीट, चाळीस माणसं, म्हणजे माणशी १२ फेऱ्या कागदावर. दोन गाड्या लावल्या तर अजून वाढतील. आता त्या राईडवर जोर साधारण साडेतीन जीच्या आसपास जातो, म्हणजे ६० किलोचा माणूस क्षणभर २१० किलोचा होतो, आणि एका फेरीत चार वेळा उलटा होतो. हे बारा वेळा लागोपाठ कुणीही करू नये. पंचविशीतली धडधाकट पोरंसुद्धा पाचव्या-सहाव्या फेरीनंतर प्लॅटफॉर्मच्या रेलिंगला धरून उभी राहिलेली मी कितीतरी वेळा पाहिलीत. तुम्ही स्वतःसाठी चार ते सहा धरा, मध्ये एकेक फेरी सोडून. तेवढ्यात पैसे वसूल होतात का ते पुढे सांगतो.

आता दमलेल्या मशीनचं. ही समजूत भारतात पण फार आहे आणि ती उलटी आहे. रोलर कोस्टरला स्वतःचं इंजिन नसतं, चेन वर नेऊन सोडते, पुढे सगळं उतारावर. त्यामुळे गाडी किती जोरात जाणार हे ठरतं घर्षणावर, आणि घर्षण ठरतं चाकांवर. चाकांवर पॉलियुरेथेनचं आवरण असतं, आम्ही नुसतं पीयू म्हणतो, आणि बेअरिंगमध्ये ग्रीस. सकाळी दोन्ही थंड, ग्रीस घट्ट, गाडी जड चालते. दुपारपर्यंत सगळं गरम होऊन सैल होतं आणि संध्याकाळची गाडी सकाळच्यापेक्षा चांगलीच जोरात जाते, हे सीटवर बसलेल्यालासुद्धा कळतं. म्हणून जाणकार लोक शेवटची फेरी सोडत नाहीत. तुमच्या बाबतीत एकच वेगळेपण आहे की इंग्लंडात ऑक्टोबरअखेर रात्री आठ-दहा डिग्री असते, आणि पार्क बंद होणं ते तुमचा तास सुरू होणं यात अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली तर चाकं थंड पडतात. अशा वेळी माणसं बसवण्याआधी गाडी एक-दोनदा रिकामी फिरवतात. ते बघून कुणी वैतागू नका, तुमचा वेळ वाया घालवत नाहीयेत ते. पहिल्या दोन फेऱ्या थोड्या मऊ वाटतील, तिसरीपासून बघा.

धोका रात्रीमुळे वाढतो का, तर मशीनचा नाही, पण दोन गोष्टी अवघड होतात. एक म्हणजे दव. दवाने स्टीलचे जिने, ट्रॅकच्या कडेच्या चालायच्या अरुंद वाटा निसरड्या होतात आणि गाडी कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरवर पाणी बसतं. दुसरी, माणूस. ऑपरेटर सकाळपासून उभा असू शकतो. म्हणून मला कुणी विचारलं की आयोजकांना कोणता एक प्रश्न विचारू, तर मी सांगतो की त्या तासाला स्टेशनवरचा स्टाफ नवीन शिफ्टचा आहे का आणि मेंटेनन्सचा माणूस जागेवर असतो की घरून बोलवावा लागतो, हे विचारा. एवढ्या उत्तरावरून पार्क किती गंभीरपणे करतंय ते कळतं.

आईंच्या भीतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती भीती खोटी नाही. २ जून २०१५ ला आल्टन टॉवर्समधल्याच स्मायलर या दुसऱ्या राईडवर १६ जण बसलेली गाडी पुढे अडकून उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. पाच जण गंभीर जखमी झाले, दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला, आणि लोकांना बाहेर काढायला चार तासांहून जास्त लागले. हे कसं झालं ते समजून घ्यायला लोकलचे सिग्नल डोळ्यासमोर आणा. ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एक गाडी असेपर्यंत दुसरीला कॉम्प्युटर आत सोडतच नाही. त्या दिवशीही कॉम्प्युटरने मागची गाडी बरोबर थांबवली होती. टेस्टसाठी सोडलेली रिकामी गाडी, वाराही जोराचा होता, चढ पार न करता ट्रॅकच्या दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकली होती, आणि इंजिनियर लोकांना वाटलं सिस्टीमच खोटा फॉल्ट दाखवतेय. त्यांनी रिसेट करून गाडी पुढे सोडली. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने केस केली, २०१६ मध्ये मालक कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला, आणि ठपका एकट्यादुकट्या कामगारावर नव्हता, असा फॉल्ट आला तर काय करायचं याची धड पद्धतच लावलेली नव्हती, यावर होता. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो, आमच्या वर्कशॉपमध्ये तो फोटो फोनवर फिरला आणि बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण रिसेटचं बटण आमच्यापैकी प्रत्येकाच्या हाताखाली असतं.

आईंना हे सांगा की त्यानंतर बऱ्याच पार्कांमध्ये रिसेटच्या आधी ट्रॅकवरच्या गाड्या डोळ्याने मोजायची शिस्त कडक झाली. आणि अजून एक. चाळीस माणसांना एक गाडी पुरते. ट्रॅकवर एकच गाडी असेल तर गाडीवर गाडी आदळायचा प्रश्नच उरत नाही, शिवाय स्टेशनवर घाई नसते, हार्नेस निवांत तपासले जातात. आयोजकांना विचारून बघा एकच गाडी चालवणार का. मी तर तशी विनंतीच करेन.

माझ्या स्वतःच्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो, पार्कचं नाव सांगणार नाही. डिसेंबरची रात्र, एका कंपनीच्या डीलर लोकांसाठी पार्क बंद झाल्यावर तासभर कोस्टर चालू ठेवला होता. चाळीसेक मिनिटं झाल्यावर गाडी लिफ्टवर, म्हणजे चेन तिला वर ओढून नेते त्या चढावर, दोन तृतीयांश चढून थांबली, पॅनेलवर सेन्सरचा फॉल्ट. खाली आयोजक शिफ्ट इन्चार्जच्या मागे लागला की दव पडलंय, सेन्सर ओला झालाय, रिसेट मारा, आमची वीसच मिनिटं राहिलीत. इन्चार्ज हललाच नाही, मला म्हणाला वर जाऊन बघून ये. मी टॉर्च घेऊन लिफ्टच्या बाजूच्या जिन्याने गेलो, पायऱ्यांवर ग्रीस आणि दव मिसळून साबण झाला होता. वर बघतो तर सेन्सर कोरडाच होता, त्याची ब्रॅकेट ढिली होऊन काही मिलिमीटर सरकली होती. म्हणजे गाडी नक्की कुठे आहे हे सिस्टीमला खरंच कळत नव्हतं. मग चौदा माणसं एकेक करून खाली आणली. मागच्या सीटवर साठीच्या एक बाई होत्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझं मनगट धरलं ते शेवटच्या पायरीपर्यंत, त्यांच्या बांगड्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही माझ्या हातावर होते. पस्तीस मिनिटं लागली. आयोजक नाराज होऊन गेला. तो इन्चार्ज आता रिटायर झालाय, पण फॉल्ट आला की मला अजून त्याचं ते न हलणं आठवतं. तुमच्या तासात असं काही झालं आणि कुणी घड्याळ दाखवायला लागलं, तर तुम्ही स्टाफच्या बाजूने उभे राहा, त्यांना त्याने फार बळ येतं. आणि पैशांचं आधीच स्पष्ट करून घ्या, वारा, वीज किंवा बिघाडाने तास बुडाला तर परतावा की दुसरी तारीख. हे लेखी असलं की त्या वेळी कुणावर दबाव येत नाही.

आता घरच्यांबद्दल. थोरले बंधू पुण्याहून आलेत म्हणून त्यांनी बसायलाच हवं असं अजिबात नको. बीपी गोळीने नीट कंट्रोलमध्ये असलेले पुष्कळ लोक बसतात आणि त्यांना काही होत नाही, पण ते त्यांच्या डॉक्टरांनी म्हणायचं, मी किंवा तुम्ही नाही. डॉक्टरांना नुसतं रोलर कोस्टर म्हणू नका, चार वेळा उलटं होतं, साडेतीन जी, दीड मिनिट, असं सांगा म्हणजे त्यांना अंदाज येतो. मणक्याचं, मानेचं काही असेल, काचबिंदू किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर विषय तिथेच संपला. बसले तर एकच फेरी, मधल्या ओळीत, आणि नंतर खाली बसून पोरांच्या फेऱ्या बघायच्या. खालून बघण्यातही मजा आहे त्या राईडची, कारण ती झाडांच्या उंचीच्या वर जायला परवानगी नसल्यामुळे खडक खोदून खड्ड्यात बांधली आहे. लिफ्ट जेमतेम १३ मीटरची पण उतार ३० मीटरच्या वर, आणि गाडी बघणाऱ्याच्या अगदी जवळून, पाय लोंबकळत जाते.

मुलीची उंची बसते, तिथे मर्यादा १.४ मीटर आहे. पण १४२ म्हणजे काठावर, गेटवर मोजतील तेव्हा जाड तळाचे बूट वगैरे प्रकार करू नका, बारीक शरीराला हार्नेस कसा बसतो याचा विचार करूनच ती मर्यादा ठेवलेली असते. तिला आधी दोन फेऱ्या नुसत्या बघू द्या, तिने स्वतःहून रांगेत पाय टाकला तरच बसवा. चाळीस ओळखीच्या लोकांसमोर पोरं नाही म्हणायला लाजतात, हे मी स्टेशनवर नेहमी बघतो. आई-बाबा हसत हसत चल गं चल गं करत असतात आणि ती पोर हार्नेस बंद होताना आमच्याकडे बघत असते, अशा वेळी मी सरळ हार्नेस उघडतो आणि तिला विचारतो. नाही म्हणाली तर दुसऱ्या बाजूने बाहेर. तिथलेही करतील, पण त्याआधी तुम्ही विचारा.

खाण्याचं म्हणाल तर ज्याला घाटात गाडी लागते त्याला हेही लागणार. रिकाम्या पोटी बसू नका आणि फॅमिली डेचं जेवण हाणून पण बसू नका, दीड-दोन तास आधी हलकं काहीतरी, दोन घोट पाणी मध्ये मध्ये. आलेपाक किंवा आवळा सुपारी खिशात ठेवायची सवय असेल तर फेऱ्यांच्या मध्ये चघळा, राईडवर असताना तोंडात काही नको, घशात अडकतं. बीअर पिऊन कुणी येत असेल तर त्याला घरच्याच कुणीतरी थांबवा.

कपड्यांचं बायकांना आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. साडी नको, ओढणी नको, मंगळसूत्र लांब असेल तर काढून पर्समध्ये, बांगड्या काढलेल्या बऱ्या. लेसवाले बूट, कारण पाय हवेत असतात, सँडल गेली की खडकात गेली. चश्म्याला मागून दोरी. फोन अजिबात बरोबर नको, चेन असलेल्या खिशातसुद्धा नको, ८० च्या स्पीडला सुटलेला फोन मागच्या ओळीतल्या माणसाच्या तोंडावर दगडासारखा बसतो. थंडी असेल, जॅकेटची चेन पूर्ण वर, मफलर नाही.

बसताना एक लक्षात ठेवा, आधी कंबर सीटच्या अगदी मागे टेकवा, मग हार्नेस खाली घ्या. पुढे सरकून बसलेल्या माणसाला तो खांद्यावर दाबतो आणि मग दोन दिवस खांदे धरतात. डोकं मागे टेकवून ठेवा, नाहीतर कान आपटतात. आणि जोर यायच्या वेळी, म्हणजे मोठ्या गोलात शिरताना, पोटऱ्या आणि मांड्या घट्ट आवळा, श्वास रोखू नका. डोळ्यांपुढे राखाडी येतं ते रक्त खाली उतरल्याने, पाय आवळले की कमी होतं. दोन फेऱ्यांत हे जमतं.

आता पैसे वसूलचं बोलू. नेमेसिस १९९४ ची, युरोपातली पहिली इन्व्हर्टेड, म्हणजे ट्रॅक डोक्यावर आणि सीट खाली टांगलेली. २०२२ च्या शेवटी बंद करून ट्रॅक बदलला आणि मार्च २०२४ मध्ये नेमेसिस रीबॉर्न नावाने परत चालू झाली. म्हणजे रचना जुन्या उस्तादांची आणि लोखंड नवं. अशी राईड एका दिवसात चार वेगवेगळ्या सीटवरून करायला मिळणं दिवसा जवळपास अशक्य असतं, पुढच्या ओळीची रांगच वेगळी लागते. तुमच्या तासाची खरी किंमत तिथे आहे. पहिली फेरी मधल्या ओळीत करा, शरीराला ओळख होते. दुसरी अगदी पुढे, तिथे समोर काहीच नसतं, तुमचे पाय आणि खडक. मग एक फेरी सोडा, खाली उभे राहून बघा. तिसरी शेवटच्या ओळीत, आणि इथे फरक कळेल, कारण गाडीचं निम्मं वजन उतारावर गेलेलं असतं तेव्हा तुम्ही अजून वर असता, आणि बाकीची गाडी तुम्हाला कड्यावरून ओढून नेते. चौथी ज्या ओळीत असाल तिथे बाहेरच्या टोकाच्या सीटवर, गिरकी घेताना टोकाची सीट मधल्यापेक्षा मोठं वर्तुळ काढते. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये नायट्रोवर बसला असाल तर ती पण याच कंपनीची, फक्त तिथे ट्रॅक खाली असतो आणि पायाखालची जमीन काढलेली असते. दोन्हींची तुलना बंधूंना नक्की आवडेल.

आणि तुमची तारीख हिवाळ्यासाठी तिथे घड्याळं तासभर मागे घेतात त्यानंतरची असेल तर पाचच्या सुमारासच अंधार पडेल. अंधारात खडक दिसत नाहीत, पुढे वळण डावीकडे की उजवीकडे ते कळत नाही, आणि दिवसा शरीर जी तयारी आपोआप करतं ती करता येत नाही, म्हणून तीच राईड जास्त जोराची वाटते. ज्यांना गाडी लागते त्यांनी आपल्या फेऱ्या उजेडात उरकता येतील का बघा, आणि अंधारातली एकच ठेवा, ती मुलीबरोबर, तिची तयारी असली तर.

दिवसभर पार्कात गर्दी नसते अशा आडवारी जाऊन तुम्हाला याच राईडवर दोन-तीनदा बसायला मिळत असेल आणि फॅमिली डेचे जादा पैसे चौघांचे मिळून घरखर्चाला जाणवणारे असतील, तर मी सांगेन तिघांचेच भरा, बंधूंचं डॉक्टरांना विचारल्यावर ठरवा. बघायला येणाऱ्याचे पैसे लागतात का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी लागत नाहीत.

डॉक्टर काय म्हणाले आणि स्टाफबद्दल आयोजकांनी काय उत्तर दिलं ते इथेच लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो. माझी रात्रपाळी असते, उत्तर सकाळी येईल.